इंजिन ऑइलमधले ग्राफीन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्राफीन म्हणजे एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा थर. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो ग्राफाइटपासून चिकटपट्टीने सुटा केला आणि २०१० चे नोबेल मिळवले. आता हे नाव ऑइलच्या डब्यांवरही झळकते.

गैरसमज: ग्राफीनमुळे घर्षण संपतेच.
वस्तुस्थिती: इंजिन वेगात असताना बेअरिंगमधले धातूचे भाग एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये ऑइलचा थर असतो. तिथे ग्राफीनला फारसे काम नाही. हा थर तुटतो तो गाडी सुरू करताना, कॅमवर आणि पिस्टन दिशा बदलतो तिथे. अशा जागी ग्राफीनचे पापुद्रे धातूला चिकटतात, एकमेकांवरून सरकतात आणि झीज कमी करतात. अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेने २०१५ मध्ये जवळपास शून्य घर्षण दाखवले खरे. पण ते कोरड्या वायूत, हिऱ्याचे नॅनोकण वापरून. त्यात ऑइल नव्हतेच.

गैरसमज: जितके जास्त घालू तितके चांगले.
वस्तुस्थिती: प्रयोगांत सहसा एक टक्क्याहूनही कमी ग्राफीन पुरते. प्रमाण वाढले की पापुद्रे एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होऊन तळाशी बसतात. ते ऑइलमध्ये तरंगत ठेवणे हीच या तंत्रातली खरी अडचण आहे.

गैरसमज: झिजलेला बोअर भरून निघतो.
वस्तुस्थिती: गेलेला धातू परत येत नाही. धूर मारणाऱ्या इंजिनाला रिंगा, बोअरचेच काम करावे लागते.

गैरसमज: डब्यावर ग्राफीन लिहिलेय, म्हणजे आत ग्राफीनच.
वस्तुस्थिती: काटेकोर अर्थाने ग्राफीन म्हणजे एकच थर, पण व्यवहारात दहापर्यंत थर असले तरी त्याला ग्राफीन म्हणतात, त्यापुढे ते ग्राफाइटच. २०१८ मध्ये जगभरातल्या ६० उत्पादकांचे 'ग्राफीन' तपासले गेले, तेव्हा बहुतेक नमुन्यांत खरे ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी निघाले.

गैरसमज: कारला चालते ते बाइकलाही चालते.
वस्तुस्थिती: बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये इंजिन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लच प्लेटना पकडीसाठी घर्षण लागतेच. ते घटवणाऱ्या द्रव्याने क्लच स्लिप होऊ शकतो. अशा बाइकसाठी डब्यावर ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण आणि कंपनीने सांगितलेली ग्रेड पाहावी. वरून ग्राफीनची वेगळी बाटली ओतली, तर त्या मिश्रणाला ही खूण लागू होत नाही.