कुट्याचा ढीग

पहाटे भाऊच्या धक्क्याला ट्रॉलर लागला की आधी चांगला माल उतरतो. कोळंबी, म्हाकूळ, सुरमई, हलवा. प्रतवारी करून बर्फात भरलेले क्रेट वर येतात आणि तिथल्या तिथे लिलाव होतो. गर्दी जरा पांगली की उरलेला माल फावड्याने उपसला जातो. त्याला कुटा म्हणतात. मी धक्क्यावर जातो तो हा ढीग बघायला.

लांबून तो राखाडी चिखल वाटतो. शेजारी उकिडवं बसून बोटांनी वेगळं करत गेलं की मांदेली, वाकट्या, बोटभर ढोमे, लेपा, चिरडलेले खेकडे, एखादा फुगलेला केंड असं हाती लागतं. आणखी थोडं चाळलं की खरं दुखणं दिसतं. यातले कितीतरी मासे हलक्या जातीचे नाहीतच, ती महागड्या माशांची पिल्लं आहेत. तळहातात मावणारं पापलेट, चांदी खरवडून गेलेलं, इतकं पातळ की उजेडात धरलं तर आतला काटा दिसतो. त्याखाली वीतभर मुशी. मोठ्या जातीच्या मुश्या विणीला यायला कित्येक वर्षं लागतात आणि पिल्लं मोजकीच होतात.

हे होतं जाळ्याच्या रचनेमुळे. दोन्ही बाजूंच्या जड फळ्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात आणि जाळं तासन्‌तास तळावरून ओढलं जातं. वाटेत येईल ते मागच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, जमतं. खोल्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात, ओढ बसली की ते मिटतात. मग बोटभर मासाही बाहेर पडू शकत नाही. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडे राहतात. म्हणून ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा खोला वापरा, असं मत्स्यशास्त्रज्ञ सांगत आले आहेत.

पूर्वी कुटा बराचसा समुद्रातच फेकला जाई. आता तो फिशमीलच्या कारखान्यात जातो, तिथून कोंबड्यांच्या आणि शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात. त्याचे पैसे मिळतात. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार भागवताना बोटीचा तांडेल ते सोडणार नाही, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. पण मुंबईच्या समुद्रातल्या चपट्या शेवंडीचं काय झालं, हे विसरता येत नाही. ट्रॉलरना ती भरपूर मिळू लागली, परदेशी जाऊ लागली, अंड्यांवरच्या माद्याही जाळ्यात येत राहिल्या. १९९० च्या दशकात ती मासेमारी संपली.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच महिन्यात ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरला: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. नियम चांगला आहे. पण धक्क्यावर पट्टी लावून मोजायचा तो मेलेला मासा. मोजायला हवेत ते खोल्याचे आस. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला असतात, जाळी डागडुजीला बाहेर काढलेली असतात. मत्स्यव्यवसाय विभागाने त्या दोन महिन्यांत प्रत्येक ट्रॉलरचा खोला तपासावा, चौकोनी आसासाठी अनुदान द्यावं आणि मगच ऑगस्टमध्ये बोट समुद्रात सोडावी.