डोळ्यातला बेरकी व्यापारी

कार्तिकी एकादशीला साजगावच्या यात्रेला कधी गेला आहात? खोपोलीजवळची ही विठोबाची यात्रा सुक्या मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. लोक तर या देवाला लाडाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात!

समजा, तिथे तुम्हीच बोंबील विकायला बसलात. एके दिवशी भाव दोनशेच्या आसपास, फार तर दोन रुपये इकडेतिकडे. अशा वेळी कुणी पाच रुपये जास्त म्हटलं, की तुमचे कान टवकारतील. दुसऱ्या दिवशी भाव कधी दीडशे, तर कधी अडीचशे. सरासरी तीच, दोनशे! पण आता पाच रुपयांकडे तुम्ही ढुंकूनही पाहणार नाही. खरं ना?

अगदी हाच व्यवहार तुमच्या डोळ्यात चालतो.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त. पण मेंदूकडे निरोप नेणाऱ्या चेतापेशी साधारण दहा लाखच! शिवाय एका सेकंदात एक पेशी मोजकेच इशारे पाठवू शकते. मग काटकसर नको का करायला?

उजेड कमीजास्त झाला की डोळा जुळवून घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण उजेडाची सरासरी तीच राहिली आणि फक्त चढउतार बदलला तर? 1997 साली मार्कस माइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलमँडर (बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद!) आणि ससा यांच्या दृष्टिपटलावर लुकलुकता प्रकाश टाकून हे तपासलं. चढउतार एकदम वाढला, की पेशी आधी इशाऱ्यांचा भडिमार करत आणि मग काही सेकंदांत आवरत्या होत. चढउतार घटला, की आधी गप्प बसत आणि मग हळूहळू बारीकसा फरकही टिपू लागत. म्हणजे मेंदूला विचारायच्या आधी पडदाच हिशेब बदलतो!

पण हिशेब बदलायला वेळ लागतो, ही गोष्ट विसरू नका. पावसाळ्यात बोरघाटाकडे जाताना लख्ख ऊनसावलीतून एकदम धुक्यात शिरलात, तर करडा रस्ता, करडी सायकल, सगळं एकच दिसतं. डोळा अजून मघाचाच भाव धरून बसलेला असतो. तेव्हा रस्ता ओलांडायची घाई करू नका. कडेला थांबा, डोळ्यांना जरा सवड द्या, कानही उघडे ठेवा.

व्यापाऱ्याला नवा भाव कळू द्या. मगच पाऊल टाका!