तीन परार्धांतला एक

संध्याकाळी घरात 9 वॅटचा एलईडी बल्ब लागतो. त्यातल्या साधारण 3 वॅटचा प्रत्यक्ष उजेड होतो, बाकीची उष्णता. प्रकाशाच्या एका कणाची, फोटॉनची, ऊर्जा इतकी नगण्य असते की तेवढे 3 वॅट भरायला सेकंदाला आठावर अठरा शून्ये इतके फोटॉन लागतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत संख्यांची नावे जिथे संपतात तो परार्ध, म्हणजे एकावर 17 शून्ये. त्या मापाने आपला बल्ब दर सेकंदाला 80 परार्ध फोटॉन खोलीत सोडतो.

त्यातले काही खिडकीच्या काचेवर जातात. समोरून आलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के भाग काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, तितकाच मागच्या पृष्ठभागावरून. बाहेर अंधार असला की या 8 टक्क्यांत आपला चेहरा स्पष्ट दिसतो. दुपारीही तेवढेच 8 टक्के परत येत असतात, पण बाहेरून येणाऱ्या उन्हात ते बुडून जातात.

शाळेत परावर्तन आणि अपवर्तन आपण कोनांनी शिकतो. आकृती काढायची, आपतन कोन मोजायचा, मार्क मिळवायचे. कोन महत्त्वाचे आहेतच. पण माझ्या मते या विषयातले खरे नवल शिलकेत आहे. प्रत्येक पृष्ठभाग, काचेचा प्रत्येक मीटर आपला वाटा कापून घेतो. शेवटी किती फोटॉन उरले, यावर सगळे ठरते.

शिलकेच्या हिशेबाआधी, लहानशा फरकानेही केवढे काही घडते याचे उदाहरण आपल्या नाकासमोर आहे. प्रकाश किती पट मंदावतो ते सांगणारा अपवर्तनांक काचेचा 1.5, पाण्याचा 1.33, हिऱ्याचा 2.42. हिऱ्यात शिरलेल्या प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सव्वा लाखाच्या आसपास येतो. हवेचा अपवर्तनांक मात्र जेमतेम 1.0003. हवेमुळे प्रकाशाचा वेग सेकंदाला शंभर किलोमीटरनेही घटत नाही. तरी क्षितिजाजवळून येणारा किरण एवढ्यानेच अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वाकतो आणि सूर्यबिंबाची रुंदीही साधारण अर्धा अंशच आहे. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर सूर्याची खालची कड समुद्राला टेकलेली दिसते, त्या क्षणी भूमितीच्या हिशेबाने अख्खे बिंब क्षितिजाखाली गेलेले असते. आपल्या अक्षांशावर यामुळे सूर्यास्त सुमारे अडीच मिनिटे लांबतो, सूर्योदय तेवढाच लवकर होतो. रोजची ही पाच मिनिटे वर्षभर जोडली तर सुमारे 30 तास होतात. वर्षाकाठी एवढे जास्तीचे ऊन आपल्याला हवेच्या अपवर्तनाने मिळते.

आता घरात आलेल्या इंटरनेटच्या फायबरकडे वळू. केसासारखी बारीक काच, आत थोडा जास्त अपवर्तनांकाचा गाभा, भोवती थोड्या कमी अपवर्तनांकाचे आवरण. गाभ्यातला प्रकाश कडेला येतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा आत वळतो. या वळण्यात प्रकाश जवळजवळ वाया जात नाही. खरी अडचण काचेतल्या अशुद्धीची होती. 1960 च्या दशकातल्या फायबरमध्ये दर मीटरला सुमारे 20 टक्के प्रकाश नाहीसा होई. वीस मीटरांत शंभरातला एक भाग उरे. पुढचा गुणाकार करून पाहावा. एक किलोमीटरनंतर एक फोटॉन हाती यायचा असेल, तर या टोकाला एकावर 100 शून्ये इतके फोटॉन सोडावे लागतील. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण एकावर 80 शून्ये एवढी मानतात. म्हणजे अख्ख्या विश्वातल्या प्रत्येक अणूने एकेक फोटॉन सोडला असता, तरी त्या काचेच्या किलोमीटरभर पलीकडे एकही पोचला नसता.

1966 मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की दोष काचेचा मूळचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी दूरसंचाराला पुरेल, असे त्यांचे गणित होते. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडली, आणि काओ यांना 2009 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आजच्या चांगल्या फायबरमध्ये एका किलोमीटरनंतर 95 टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक असतो. शंभरातला एक भाग उरायला 100 किलोमीटर जावे लागते. जुन्या काचेत हीच वेळ वीस मीटरांवर येत होती. मुंबईहून सोडलेला प्रकाश घाट चढून पुण्याला पोचेपर्यंत, वाटेत काहीच वर्धन केले नाही तरी, हजारात एक उरतो. परार्धांचा व्यवहार असल्यावर हजारात एक ही चैन आहे. खंडाखंडांमधला बहुतेक सगळा डेटा समुद्रतळाच्या अशाच काचेतून वाहतो.

आरशाचीही तीच कथा. सलूनमध्ये समोरासमोर लावलेल्या आरशांत आपल्या प्रतिमांची रांग दूरवर जाते आणि काळवंडत नाहीशी होते. दर आपटीला 90 टक्के प्रकाश परत येतो असे धरले, तर सात आपट्यांत निम्म्याहून कमी उरतो आणि चव्वेचाळिसाव्या आपटीला शंभरातला एक भागही उरत नाही. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचे आरसे 33 लाख फोटॉनांमागे एकच फोटॉन शोषतात. केवळ शोषणाचाच हिशेब धरला, तर तिथे प्रकाश निम्मा व्हायला 23 लाख आपट्या लागतील. तिथे चार किलोमीटरच्या भुजेत प्रकाश सुमारे 300 वेळा खेळवतात. त्या जोरावर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक मोजता येतो. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले.

शिलकेचा सर्वांत थरारक हिशेब मात्र चंद्रावरचा आहे. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी तिथे 100 काचेच्या लोलकांची चौकट ठेवली. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांवर आपटून प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो, हे या लोलकांचे तत्त्व. पुढच्या मोहिमांनी आणखी चौकटी ठेवल्या. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटच्या साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून त्यांच्यावर लेसरचे झोत सोडतात. एका झोतात सुमारे 3 परार्ध फोटॉन. चंद्रावर पोचेपर्यंत झोत दोनेक किलोमीटर रुंद होतो. तीन कोटींत एखादाच फोटॉन चौकटीवर पडतो. परतीचा झोत पृथ्वीवर सुमारे 15 किलोमीटर पसरतो आणि पुन्हा तीन कोटींत एखादाच दुर्बिणीत शिरतो. आणखी काही वाटेतल्या हवेत आणि भिंगा-आरशांत जातात. सगळे जमून आले, तर अडीच सेकंदांनी 3 परार्धांतला सुमारे एक फोटॉन हाती लागतो. असे एकेक कण साठवून चंद्राचे अंतर मिलिमीटरपर्यंत मोजले जाते. तो दरवर्षी 3.8 सेंटीमीटर दूर जातो आहे, हे असल्याच मोजणीतून कळले.

आपल्या चांद्रयान 3 च्या विक्रम लँडरवरही नासाने दिलेली अशी लहान रचना आहे. वजन 20 ग्रॅम, लोलक आठ. 12 डिसेंबर 2023 ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने 100 किलोमीटरवरून लेसर सोडला आणि विक्रमवरून उजेड परत आला. तोवर विक्रमची यंत्रे बंद होऊन तीन महिने उलटून गेले होते. लोलकांना बॅटरी लागत नाही.

हेच तत्त्व आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणून गल्लोगल्ली विकले जाते. त्या पट्टीत सूक्ष्म काचमणी किंवा लोलक असतात. मण्यात प्रकाश अपवर्तनाने वाकतो, मागच्या बाजूला परावर्तित होतो आणि ज्या हेडलाइटमधून आला तिकडेच परततो. साध्या रंगाची फळी तोच उजेड चहूकडे उधळते, चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला फार थोडा येतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. अंधारात उभी ट्रॉली 50 मीटरांवर दिसली तर हाती तीन सेकंद असतात, आणि एवढ्या वेगातल्या गाडीला थांबायलाही साधारण तेवढेच अंतर लागते. तीच ट्रॉली 200 मीटरांवर चमकली तर बारा सेकंद मिळतात. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून रेडियमची पट्टी लावा, आणि तिच्यावरची धूळ रोज फडक्याने पुसा.