कागदाएवढे अंतर

घरातली एखादी वस्तू बिघडली की आमच्याकडे लगेच दोन पक्ष पडत. एक माझा, छापील पुस्तकाचा. दुसरा चिरंजीवांचा, हाती येईल त्या पान्याचा. सौ. तटस्थ असत. पण पहिला चहा कोणापुढे येतो, यावरून त्यांचा कल समजत असे!

१९९९ सालच्या दिवाळीत या दोन पक्षांचा सामना बोरघाटात झाला आणि त्याला निमित्त झाली आमची जुनी प्रीमियर पद्मिनी.

पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून चिरंजीवांनी त्या वर्षी गाडीला सीएनजीचे किट बसवून घेतले होते. डिकी सिलिंडरने अडली, कार्ब्युरेटरवर गॅसचा मिक्सर चढला आणि स्टिअरिंगजवळ एक बटण आले. इकडे पेट्रोल, तिकडे गॅस. निघायच्या आदल्या रात्री मी नेमाप्रमाणे चारी प्लग काढून साफ केले. फीलर गेजची पत्ती घालून पाहतो, तो प्रत्येकाचा गॅप ०.५ मिलिमीटर. पुस्तकात तर ०.६! 'कार्ट्याचा धसमुसळेपणा,' असे मनाशी म्हणत मी चारी गॅप पुस्तकाबरहुकूम केले आणि समाधानाने झोपलो. फरक तो केवढा? वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पुण्याची माझी धाकटी बहीण महिन्यापूर्वीच मोठ्या ऑपरेशनमधून उठली होती. "दादा, यंदा उशीर नको करूस. मला फार वेळ उभं राहवत नाही," असे तिने फोनवर बजावले होते. डिकीत जागा नाही, म्हणून फराळाचे डबे सौ.च्या मांडीवर. खोपोलीपर्यंत गाडी झकास आली. चढ लागला मात्र, आणि ती आचके देऊ लागली. चिरंजीवांनी बटण फिरवून पेट्रोलवर घेतली, की सुरळीत! पुन्हा गॅसवर, की पुन्हा आचके. टाकीत पेट्रोल जेमतेम. त्यावर घाट चढून जाण्याची आशा नव्हती.

"तरी मी सांगत होतो, हा गॅस नको म्हणून!" मी तेवढ्यात हात धुऊन घेतले.

चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि शांतपणे विचारले, "बाबा, प्लगला कोणी हात लावला होता का?"

वाचकहो, त्या क्षणी खोटे बोलायचा मोह झाला. पण सौ. माझ्याकडेच पाहत होत्या.

"मी लावला," मी म्हणालो. "पुस्तकाप्रमाणे गॅप केला."

"पुस्तक पेट्रोलवरच्या इंजिनाचं आहे, बाबा. आपलं इंजिन आता ते राहिलेलं नाही."

ॲल्युमिनियमचे हेड तापलेले असताना प्लग काढले तर आटे जाण्याची भीती. तेव्हा ते निवेपर्यंत थांबणे आले. कठड्यावर बसून चकली खात चिरंजीवांनी मला धडा दिला. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला ठिणगीला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली, म्हणून तिथे कितीतरी जास्त. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ सालीच दाखवून दिले, की ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि मधले अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. सपाटीवर ॲक्सिलरेटरवर पाय हलका, सिलिंडर अर्धवटच भरतो. चढावर पाय दाबला की तो भरून येतो आणि दाब वाढतो. त्यातून गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट हवेत. आमची म्हातारी कॉइल ते आणणार कुठून?

"दाब काही आपण कमी करू शकत नाही," चिरंजीव म्हणाले, "अंतर करू शकतो."

"मग अगदी चिकटवूनच का टाकत नाहीस?" मी शेवटचा बाण सोडला.

"मग ठिणगी इतकी बारीक पडेल, की मिश्रण पेटायचंच नाही. सिग्नलला उभी गाडी थरथरत राहील."

हेड निवल्यावर त्यांनी एकेक प्लग काढला. मधल्या टोकाला धक्का लागला तर चिनी माती तडकते. म्हणून फक्त बाहेरचा आकडा हलकेच ठोकून आत घेतला. पत्ती माझ्या हातात दिली. "किंचित अडखळत सरकली पाहिजे. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." चारी प्लग मीच तपासले. आधी बोटांनी आटे बसवले, मग पान्याने आवळले, ज्याची वायर त्याला लावली. गाडी गॅसवर घाट चढून गेली. एक आचका नाही.

पुण्यात पोहोचायला दोन तास उशीर झाला. बहीण दारात खुर्ची टाकून बसली होती. तबकातली निरांजन तिने दोनदा नव्याने लावली होती. "इतका उशीर?" ती म्हणाली. मी तोंड उघडायच्या आतच चिरंजीव म्हणाले, "घाटात गर्दी होती, आत्या."

ती गाडी आता राहिली नाही. पुस्तक मात्र मी जपले आहे. त्यात ०.६ या आकड्याशेजारी पेन्सिलने, माझ्याच अक्षरात, लिहिलेले आहे : 'गॅसवर ०.५. चिरंजीवांचे बरोबर.'