विश्लेषण : माइकशिवाय चार दशकं... पावारोत्तींचा आवाज टिकला कसा?

१० फेब्रुवारी २००६. इटलीतल्या तुरिन शहरात हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन सुरू होतं. सोहळ्याच्या अखेरीस लुचानो पावारोत्ती आले, ‘नेसून दोर्मा’ गायले आणि स्टेडियम टाळ्यांनी दणाणून गेलं. दोन वर्षांनी त्यांचे जुने सहकारी, संगीतसंचालक लेओने माजेरा यांनी पुस्तकात खरी गोष्ट सांगितली. त्या रात्री आवाज आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही आधीच रेकॉर्ड केलेले होते. कडाक्याच्या थंडीत ७० वर्षांचे, तब्येत ढासळलेले पावारोत्ती फक्त ओठ हलवत होते. हे उघड झालं तेव्हा ते हयात नव्हते. सप्टेंबर २००७ मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं.

‘लिप-सिंक’ म्हणून या प्रसंगाची बरीच चर्चा झाली. पण टेनरच्या गळ्यावर किती ताण असतो हे कळलं, की प्रश्न उलटा पडतो. १९६१ मध्ये रंगमंचावर आलेला हा आवाज इतकी वर्षं चालला कसा?

टेनर म्हणजे नेमकं कोण?

आपल्या संगीत नाटकात पदांच्या मधे गद्य संवाद येतात. ऑपेरात बहुतेक वेळा संवादसुद्धा गायचे असतात. पुरुषांच्या नेहमीच्या आवाजांपैकी सर्वांत वरच्या पट्टीचा आवाज म्हणजे टेनर. प्रेमात पडणारा नायक सहसा तोच.

त्याची खरी परीक्षा ‘हाय सी’ या स्वरावर होते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकचा सा धरा. त्याचा तार षड्ज म्हणजे हाय सी. त्याची कंपनसंख्या सुमारे ५२३ हर्ट्झ. म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचे स्वरतंतू एका सेकंदात ५२३ वेळा उघडतात आणि मिटतात. तेही पूर्ण ताकदीने, समोर ऑर्केस्ट्रा वाजत असताना.

माइक नसताना ऐकू कसं येतं?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० प्रेक्षक बसतात. गायकाच्या छातीवर माइक नसतो. मग एकटा माणूस पाऊणशे वाद्यांवर मात कशी करतो? नुसतं ओरडून हे जमत नाही.

स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात याचं उत्तर मांडलं. ऑर्केस्ट्राची सर्वाधिक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जावं तशी ती झपाट्याने घटते. तयारीचा गायक स्वरयंत्र खाली ठेवून घशाची पोकळी अशी आकाराला आणतो, की ३,००० हर्ट्झच्या जवळपास त्याच्या आवाजात एक उंचवटा तयार होतो. याला ‘सिंगर्स फॉरमंट’ म्हणतात. तिथे ऑर्केस्ट्रा दुबळा असतो आणि माणसाचा कान मात्र तिथेच सर्वांत तीक्ष्ण. (इंजिनीअरिंगला फिल्टर शिकवताना हे उदाहरण दिलं असतं, तर मागच्या बाकावरचेही जागे राहिले असते!)

ही कमाई रियाजाची आहे, पण तिची मदार श्वासावर असते. श्वासाचा आधार सुटला की सगळा भार स्वरतंतूंवर येतो.

बेकरीवाल्याचा मुलगा

पावारोत्तींचा जन्म १९३५ मध्ये मोदेनात झाला. वडील बेकरीत काम करायचे आणि हौशी टेनर होते. आई सिगार कारखान्यात. लुचानोंनी प्राथमिक शाळेत शिकवलं, विमा विकला आणि जोडीला गाणं शिकत राहिले. मधे स्वरतंतूंवर गाठ आली, एक कार्यक्रम पार फसला आणि त्यांनी गाणं सोडायचंच ठरवलं होतं. गाठ गेली, आवाज परतला. २९ एप्रिल १९६१ रोजी रेज्जो एमिलियात पुचिनीच्या ‘ला बोएम’मधून पदार्पण झालं.

१९६३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये जुझेप्पे दी स्तेफानो यांनी प्रयोग सोडले आणि बदली गायक म्हणून पावारोत्ती उभे राहिले. दी स्तेफानो म्हणजे आधीच्या पिढीचा लाडका टेनर. मुळात हलक्या, गोड आवाजाला जड भूमिका लवकर दिल्याने तो आवाज चाळिशीतच उतरला, असं अनेक जाणकार मानतात. बदली गायकासमोर काय करू नये याचा धडाच होता.

काय करावं, हे १९६५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कळलं. सोबत गायिका जोन सदरलंड होत्या. त्या गाताना पोटाचे स्नायू कसे चालतात हे पावारोत्ती चक्क हात लावून समजून घ्यायचे. फेब्रुवारी १९७२ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये डोनिझेट्टीच्या ‘फ्रेंच पलटणीची मुलगी’ या ऑपेरात त्यांनी एकाच गाण्यातले नऊ हाय सी लागोपाठ घेतले आणि ते जगभर गाजले.

खरी हुशारी भूमिका निवडण्यात

क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाचं वर्कलोड मोजतात, तसा टेनरला भूमिकांचा हिशेब ठेवावा लागतो. पावारोत्तींनी आधी हलक्या भूमिका घेतल्या. ‘तोस्का’ आणि ‘तुरांदोत’ या ऑपेरांतल्या भारी भूमिका रंगमंचावर आल्या त्या चाळिशीनंतर. ‘नेसून दोर्मा’ हे ‘तुरांदोत’मधलंच गाणं. त्या ऑपेराचं १९७२ चं गाजलेलं रेकॉर्डिंग मुंबईत जन्मलेल्या झुबीन मेहतांच्या संचालनाखाली झालं. ७ जुलै १९९० रोजी रोममध्ये पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास एकत्र गायले, तेव्हाही संचालक मेहताच होते. टेनरसाठी सर्वांत अवघड मानला जाणारा ‘ओतेल्लो’ पावारोत्तींनी १९९१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी गायला. तोही फक्त मैफलीत, नाटक म्हणून कधीच नाही.

पण शिस्त सगळीकडे नव्हती. शिकागोच्या लिरिक ऑपेराने १९८९ मध्ये त्यांच्याशी संबंध तोडले, कारण ठरलेल्या ४१ पैकी २६ प्रयोगांना ते आलेच नव्हते. १९९२ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ‘दोन कार्लो’ गाताना आवाज चिरकला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तयारी कमी पडली, हे त्यांनी मान्य केलं. माझ्या मते स्टेडियममधल्या माइकवरच्या मैफलींनी त्यांना अफाट प्रसिद्धी दिली, तशी थोडी ढिलाईही दिली.

पेरूचे टेनर हुआन दिएगो फ्लोरेझ यांनी ते नऊ हाय सी २००८ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये घेतले, आणि प्रेक्षकांच्या आग्रहाखातर लगेच पुन्हा घेतले. त्याच वर्षी त्यांनी ‘रिगोलेत्तो’मधली ड्यूकची भूमिका गाऊन पाहिली आणि आपल्या गळ्याला जड जाते म्हणून बाजूला ठेवली. तीच भूमिका पावारोत्ती पदार्पणाच्या वर्षापासूनच गात होते.