वाकवलेलं अक्षर आणि आखलेलं अक्षर

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि साकोली, लाखनी, लाखांदूरच्या चहाटपऱ्यांवर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, नाटकांची पोस्टरं लागतात. वर नाटकाचं नाव, जाड आणि उजवीकडे झुकलेलं. ही अक्षरं रंगवण्यातच माझी उमर गेली. आधी कापडावर इनॅमल आणि ब्रशनं, आता फ्लेक्ससाठी संगणकावर. लोक कलाकारांचे फोटो बघतात, माझी नजर नावावर जाते. ते आखलेलं आहे की नुसतं वाकवलेलं, हे रस्त्याच्या पलीकडूनही कळतं. वाकवलेलं दिसलं की जीव हळहळतो.

छपाईत तिरपी अक्षरं आली ती व्हेनिसमधून. तिथला मुद्रक आल्दुस मानुत्सिओ यानं 1501 साली व्हर्जिलच्या काव्याची लहानशी प्रत तिरप्या अक्षरांत छापली. ती अक्षरं फ्रान्चेस्को ग्रिफोनं कोरली होती. पुस्तकाच्या पानात शोभणारी, हातानं लिहिल्यासारखी नाजूक अक्षरं ती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या खिळे ओतणाऱ्यांनी अक्षरं फुगवली, सरळही आणि तिरपीही. उभे दांडे भरभक्कम, जोडरेषा केसाएवढ्या, टोकांना सेरिफ म्हणजे छोट्या आडव्या पट्ट्या. लॉटरीच्या आणि खेळतमाशांच्या जाहिराती भिंतीवर दुरून दिसायला हव्या होत्या, म्हणून ही जाडी. अशा फक्त शीर्षकासाठी घडवलेल्या अक्षराला डिस्प्ले म्हणतात.

देवनागरीत सेरिफची वेगळी पट्टी नसते. बोरूचा, म्हणजे वेताच्या लेखणीचा, तिरपा काप दांड्याच्या तळाशी उमटतो, तोच तिचं काम करतो. पण खरी गोष्ट जाड-बारीक रेषांची आहे. आपल्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड पडते आणि तिच्या विरुद्ध जाणारी बारीक. ‘व’चं पोट बघा. वरचा डावा खांदा आणि खालची उजवी कूस भरलेली, बाकी वळण हलकं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी (स्थापना 1869) राणोजी रावजी आरूंनी जे ठसे कोरले, त्यांत हा तोल इतका नीट आहे की अजूनही मी त्या छपाईची जुनी पानं समोर ठेवून बसतो.

आता कोरलड्रॉमध्ये ठळक अक्षर घ्या आणि उजवीकडे ओढून तिरपं करा. शिरोरेघ आडवीच राहते, म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. पण आधीच उजवीकडे झुकलेली रेघ आणखी झुकते आणि बारीक होते. उलट्या बाजूची उभी व्हायला लागते आणि जाड होते. म्हणजे बोरूनं जिथं वजन दिलं तिथलं गेलं, आणि नको तिथं चढलं. रोमन अक्षरात वजन उलट बाजूला असतं, म्हणून तिथं ओढाताण वेगळी दिसते. देवनागरीत मात्र अक्षराचा कणाच ढिला पडतो. तिरपं अक्षर म्हणूनच नव्यानं आखावं लागतं. मी दांडे 10-12 अंश झुकवतो, खांदा पुन्हा भरतो, कूस पुन्हा भरतो.

जाडीचा त्रास निराळा. ‘घ’, ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांची पोटं बुजतात. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मोदक’ फॉन्ट पाहावा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षर इतकं गुबगुबीत केलं की पोकळ्यांच्या जागी पांढऱ्या चिरा उरल्या, आणि त्या चिरांवरच अक्षर ओळखू येतं. जाडी वाढवायची तर आतला पांढरा भाग आधी ठरवायचा, हे तिथं शिकायला मिळतं.

माझी कसोटी एकाच शब्दावर असते: झाडीपट्टी. ‘ट्ट’ दोन मजली, ‘झ’ मुळातच गर्दीचा, वर दोन वेलांट्या. शब्द झुकला की शिरोरेघेवरचं सगळं उजवीकडे सरकतं. इतर शब्दांत अनुस्वार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, रफार कुणाचा ते कळत नाही. हातानं आखताना त्यांना थोडं डावीकडे मागं आणायचं. ‘ट्ट’चा खालचा मजला वरच्यापेक्षा किंचित रुंद ठेवायचा, नाहीतर शब्द पडल्यासारखा वाटतो.

असं जाड, तिरपं अक्षर फक्त नाटकाच्या नावासाठी वापरावं. दोन-तीन शब्द, मोठ्या आकारात, आजूबाजूला मोकळी जागा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी आखलेली नावं बघितली तर एकेका नाटकाला स्वतःचा चेहरा मिळालेला दिसतो. झाडीपट्टीची नाटकंही त्याच तोलाची आहेत. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तिच्या नाटकांच्या नावांना घाईनं वाकवलेलं अक्षर देणं मला पटत नाही.

गावाचं नाव, तारीख आणि मोबाइल नंबर मात्र सरळ, मध्यम जाडीच्या अक्षरांत घालावेत. ‘१’ आणि ‘९’ झुकवून जाड केले की रात्री टपरीच्या उजेडात एकमेकांसारखे दिसतात, आणि नाटक बुक करणाऱ्या मंडळाचा फोन भलत्याच घरी लागतो.