‘नंतर बघू’चं फोल्डर

तुमच्या फोनमध्येही असेल बघा, न पाहिलेल्या लेक्चर्सचं एखादं फोल्डर. माझ्याकडे आहे. मीडिया लॉची अकरा रेकॉर्डिंग्ज! या विषयाचे आठवड्यातले दोन तास वर्गात, एक ऑनलाइन आणि सगळ्याचं रेकॉर्डिंग. सेमिस्टर संपताना फीडबॅक फॉर्म आला, तेव्हा मी बिनधास्त पाच स्टार देऊन टाकले. का नाही देणार? नोट्स काढायची कटकटच नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट स्पीडने सगळं उरकलं. इंटर्नलला मार्क पडले वीसपैकी आठ!

तेव्हा डोक्यात आलं, आवडलं म्हणजे आलंच, असं असतं का?

नसतं. हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी छान लेक्चर ऐकलं, काहींनी गटात बसून गणितं सोडवली. डोकं खाजवणाऱ्यांना टेस्टमध्ये मार्क जास्त मिळाले. पण आपण कमी शिकलो, असंही त्यांनाच वाटत होतं! म्हणजे सोपं वाटणं आणि शिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग हायब्रिड वर्ग बंदच करायचे का? अजिबात नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घातलेले विद्यार्थी निव्वळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. पण अशा विद्यार्थ्यांना बरेचदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळालं होतं, हेही त्यात नोंदवलंय. कमाल एकट्या स्क्रीनची नाही.

माझी एक मैत्रीण रोज दीड तास एसटीने येते. एसटी चुकली की रेकॉर्डिंग हाच तिचा वर्ग. ती मध्येमध्ये व्हिडिओ थांबवते, अडलेलं वहीत लिहिते आणि दुसऱ्या दिवशी सरांना गाठते. त्याच पेपरात तिला सतरा!

यूजीसीने २०२१च्या मसुद्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली होती. म्हणजे हे प्रकरण आपल्या मागे लागलेलंच आहे. तेव्हा पुढचा फीडबॅक फॉर्म आला, की स्टार देण्याआधी एक करा. त्या विषयातली एक गोष्ट मित्राला न बघता समजावून सांगा. जमलं, तर द्या पाच स्टार.

मी? आज पहिलं रेकॉर्डिंग लावलंय. साध्या स्पीडने. वही घेऊन.